नेरिनाच्या साठीचं रानडुक्कर

नेरिना पावान आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरामध्ये उसाची एक पट्टी, आणि त्या पट्टीतून आम्हा दोघींच्या येण्याजाण्याने पडलेली पायवाट. तिचा साठावा वाढदिवस चर्चमागच्या सभागृहात झाला. केक कापल्यावर सुरी हातात तशीच धरून ती म्हणाली, "मला ज्याची ज्याची भीती वाटते, ते सगळं या वर्षात करणार. देवाने एकसष्टी दाखवली तर त्या दिवशी कशालाही न भिता केक कापीन."

"मग सुरुवात सुनेच्या हातच्या जेवणाने कर," तिचा धाकटा भाऊ एलिओ म्हणाला. सगळे हसले. सूनही हसली.

नेरिना मात्र बोलली तशी वागली. कोंबड्या गिळणारा अजगर तिने खुराड्यातून स्वतः ओढून काढला. त्याने मनगटात दात रुतवले, दंडाला विळखा घातला. रक्ताळलेल्या हातांनीच तिने त्याला पोत्यात कोंबलं आणि नदीकाठी सोडून आली. तोडणीच्या आधी फड पेटवायचं काम आजवर घरातले पुरुष करत, तेही तिने केलं. ज्वाळा छपराहून उंच गेल्या. पेटलेले उंदीर किंचाळत बाहेर आले आणि गड्यांनी ते काठ्यांनी ठेचले. भुवया जळालेल्या तोंडाने ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "चहा टाक," म्हणाली.

"आता राहिलं काय?" मी विचारलं.

राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. एलिओचा उजवा पाय.

तरुणपणी ही भावंडं रानडुकरांच्या शिकारीला बरोबर जात. बंदूक नाही. कुत्री डुकराचे कान धरून ठेवतात, एक जण मागचे पाय उचलून त्याला कुशीवर पाडतो, दुसरा काखेमागे सुरा खुपसतो. सुरा मारणारा 'झालं' म्हणेपर्यंत पाय सोडायचे नाहीत. त्या दिवशी पाय नेरिनाच्या हातात होते. डुकराने हिसडा दिला आणि तिने सोडले. सुळ्याने एलिओची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उघडली. तेव्हापासून तो लंगडतो, आणि कोणी विचारलं की सांगतो, "चिखलात घसरलो होतो." तिच्यादेखतही हेच.

"एकदा शिवी हासडली असती तर सुटले असते," ती मला म्हणाली होती. "माझ्या टेबलाशी बसून माझा पास्ता खातो आणि मलाच वाचवायला खोटं बोलतो."

वर्ष सरत आलं आणि एक थोराड रानडुक्कर तिच्या उसात शिरू लागलं. एलिओ कॉफीला आला तेव्हा मी तिथेच होते.

"सुरा तू घे," ती म्हणाली. "पाय मी धरते."

एलिओने कॉफीचा चमचा तिच्या हातांकडे रोखला. "मनगटं बघ स्वतःची. अजगराने निम्मी खाल्ली आहेत."

"येतोस की नाही?"

"उजाडताच येतो. आणि बूट घाल, म्हातारे. चपला घालून मिरवू नकोस."

मला गाडीपाशी थांबवलं होतं, कोणी जखमी झालं तर दवाखान्यात न्यायला. मी देवाचं नाव घेत बांधावर उभी होते. आत ऊस मोडत गेला, एलिओची दोन्ही कुत्री भुंकायची थांबली. थांबली म्हणजे त्यांनी धरलं. आणि डुक्कर कानांना लोंबकळणाऱ्या कुत्र्यांसकट ऊस फोडून माझ्यासमोरच्या चरात येऊन कोसळलं. डुकराने मान झटकली, थोरलं कुत्रं वर उडालं आणि फाटलेल्या गळ्याने खाली पडलं. धाकटं कान सोडेना.

नेरिना मागून धावली. तिने पाय पकडले, उचलले, डुक्कर कुशीवर पाडलं. एलिओने सुरा मारला. पण खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड, पातं तिथेच अडकलं. त्याचा लंगडा पाय चरात मुडपला आणि तो सुळ्यांसमोर आडवा झाला.

डुकराने लाथ झाडली. तिच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला बांधावर आला. वाळक्या उसासारखा. ती ओरडली, पण पाय सुटले नाहीत. डुक्कर तिला चिखलातून फरफटत एलिओकडे सरकत होतं. त्याचा शर्ट टरकला, पोटावर रक्ताची रेघ उठली. 'सोडू नकोस' हे शब्द त्याने तोंडातून काढले नाहीत. तो नुसता तिच्याकडे बघत होता.

"ऊठ, लंगड्या!" ती किंचाळली. "मी धरलंय! ऊठ!"

त्याच्या पायाबद्दल त्याच्यासमोर तिच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. एलिओ कोपरांवर रांगला, अडकलेला सुरा दोन्ही हातांनी उपटला आणि काखेमागे मुठीपर्यंत घातला. फिरवला. रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. डुक्कर किंचाळलं, थरथरलं, निपचित पडलं.

"झालं," तो म्हणाला. ती तशीच. "नेरिना, झालं. सोड."

तिची बोटं उघडेनात. मी चरात उतरले आणि एकेक बोट सोडवलं. मोडलेल्या हाताचीही तितकीच घट्ट होती. एलिओ कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. डुक्कर आणि कुत्रं, दोन जीव गेले होते. मी दोघांसाठी हात जोडले आणि गाडी काढली.

एकसष्टीला तिचा हात प्लास्टरमध्ये होता. नवे पाद्री एलिओशेजारी बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "पायाला काय झालं हो?"

एलिओने ग्लास खाली ठेवला. "हिने डुकराचे पाय सोडले होते, फादर. भर शिकारीत."

सून कागदी बशा धरून जागीच उभी राहिली.

"सोडले होते," नेरिना मोठ्याने म्हणाली. तिचा चेहरा आधी वाकडा झाला, मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मेल्या, गेल्या महिन्यात कोणी धरले ते सांग की!"

"ते तू सांगतच फिरतेयस, मी कशाला सांगू?"

डाव्या हाताने तिने केक कापला, वेडावाकडा. पहिला तुकडा एलिओच्या तोंडात असा कोंबला की त्याला ठसका लागला.