हळदीतला हात

दादाच्या हळदीला मी पांढुर्ण्यातल्या आमच्या घराच्या न्हाणीघरात आतून कडी लावून बसलो होतो. दहावीत होतो. अंगात शर्ट, त्याच्या आत एकावर एक दोन घट्ट बनियन. मुलगा असून माझी छाती वाढली होती. बोरगावच्या मामाने उन्हाळ्यात भरल्या अंगणात ती चिमटीत धरून म्हटलं होतं, "भाचेबुवा, तुमाले तं आता ब्लाउजच शिवा लागते!" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? त्यानंतर मी घरातसुद्धा उघड्या अंगाने वावरलो नाही.

आणि आमच्या घरी हळदीला नवरदेवाशेजारी धाकट्या भावालाही पाटावर बसवतात, उघड्या अंगाने. समोर व्हिडिओवाला, भोवती सगळ्यांचे मोबाइल. संध्याकाळपर्यंत शाळेच्या ग्रुपवर काय फिरेल, ते मला आत बसून दिसत होतं. बाहेर तोच मामा दार बडवत होता, "निंघ ना बे! पोरीवानी काय लाजून राहिला?" मी आतून कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मग आईचा आवाज आला, "त्याले जुलाब लागून राहिले. राहू द्या."

मामा गेला. थोड्या वेळाने दादा आला. "हात तं दे बाहेर," म्हणाला. मी दार किलकिलं करून हात काढला, दादाने हातालाच हळद फासली. व्हिडिओवाल्याने तेवढ्यात फोटो घेतला.

वाटलं, सुटलो. कसला सुटतो! जुलाबाच्या पोराला पंगतीत कोण बसवणार? घरभर वांग्याच्या भाजीचा वास, आणि मी ओआरएस पीत पडलेलो. जो तो येऊन "कितीदा झाली?" विचारायचा. आईने मात्र काहीच विचारलं नाही. तिला खरंच माझं पोट बिघडलं असं वाटलं असेल, अशी मी समजूत करून घेतली.

छाती अजून तशीच आहे. डॉक्टरकडे गेलो नाही, तिथेही शर्ट काढावा लागणारच. आता माझं लग्न जमलंय. मुलगी सौसरची, मनमोकळी आहे, मला आवडते. सगळे विचारतात, खूश ना? मी हो म्हणतो आणि मनात फक्त हळदीची धास्ती असते.

परवा आई हळकुंडं निवडत होती. आसपास कोणी नव्हतं. मान वर न करता ती हळूच म्हणाली, "तवा जुलाबाचं सांगतलं. आता तं नवरदेवच तू. काय सांगू रे लोकाइले?"