बरबटीच्या बियांचं पाकीट

८ जून. पेरणी तोंडावर आली होती. बियाण्याचा डबा अंगणात ओतून किडलेलं बी वेगळं करायला बसले. डोक्यात मात्र एकच हिशोब चालू होता: नऊ दिवस.

कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी मुळासकट उपटायचं यंत्र मी आणि नवऱ्याने मिळून बनवलं. पेटंटही दोघांच्या नावावर. त्याचं वार्षिक शुल्क भरायचं राहिलं आणि पेटंट बंद पडलं. हे कळलं, ते महागावच्या बाजारात आपलंच यंत्र दुसऱ्याच्या नावाने उभं दिसलं तेव्हा. बंद पडलेलं पेटंट परत मिळवायला अठरा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. त्यातले नऊ दिवस उरले होते. शुल्क जाणूनबुजून चुकवलं नाही, हे पटवून द्यायचं होतं. पण नागपूरच्या वकिलांनी शुल्काच्या मुदतीआधीच आठवण देणारं रजिस्टर पत्र पाठवलं होतं आणि पोचपावतीवर अंगठा होता. आमच्या घरात अंगठा उठवणाऱ्या एकट्या सासूबाई. त्या म्हणत होत्या, मी कोणताच कागद घेतला नाही.

"लिहून टाक, पत्र आलंच नाही," नवरा म्हणाला.

शपथेवर खोटं? मी नाही म्हटलं.

डब्याच्या तळाशी जाड खाकी पाकीट निघालं. एका कडेने फाडलेलं, आत राख आणि बरबटीचं, म्हणजे चवळीचं बी. बियांखाली वकिलांचं पत्र, घडीसुद्धा न मोडलेलं. तसंच नेऊन सासूबाईंसमोर ठेवलं.

"हे काय हाय, आई?"

"बरबटी."

"अन् खालचा कागद?"

"मले काय मालूम? पाकीट जाड होतं, त्यात बी चांगलं राह्यते. पोस्टमननं अंगठा मांगला, देल्ला."

हेच नोटरीपुढे सांगावं लागेल, नाहीतर यंत्र हातचं गेलं, असं मी म्हटलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पोराचं यंत्र म्या बुडवलं, असं लिव्हशीन?"

"तुमाले वाचता येत नाही, एवढंच लिव्हाचं हाय."

"ते त साऱ्या दिग्रसले मालूम हाय. वकिलानं तुले फोन नाही केला काय?"

केला होता, बंद नंबरवर. नंबर मी बदलला होता आणि वकिलांना कळवला नव्हता. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आता दोघांसमोर सांगितलं.

"मंग पहिले तुहं लिव्ह," सासूबाई म्हणाल्या. "माहं मंग पाहू."

हे 'पाहू' म्हणजे हो की नाही, ते दिवसभर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिज्ञापत्राचा मसुदा नव्याने लिहिला. आधी माझा बदललेला नंबर, मग बरबटी. सासूबाईंना वाचून दाखवला.

"फोनचं आणखी एकडाव वाच."

वाचलं. तेव्हा कुठे त्या चपला शोधायला उठल्या. मी पाकीट बियांसकट पिशवीत घातलं आणि आम्ही नोटरीकडे निघालो.