चिंचेनं घासलेला पिकअप

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, असं विचारलंत तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. हे साफ खोटं आहे. आमच्याकडे मिक्सर ओरडतो, नवऱ्याचा मोबाइल ओरडतो, आणि नवरात्रात जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर बाजारातल्या मांडवांचे भोंगे असे ओरडतात की फडताळातल्या कपबश्या थरथरतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. मी मात्र गिटार गळ्यात अडकवून अ‍ॅम्पचं बटण दाबलं, की आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक येते, "आवाज कमी कर गं!" तोवर मी एक तारही छेडलेली नसते. समोर असल्या तर नुसता तळहात खाली करून खुणावतात.

लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आले तेव्हा ही इलेक्ट्रिक गिटार माझ्याबरोबर आली. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले मराठी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रागावले की दोन्ही. सासूबाईंनी गिटारला कधी गिटार म्हटलं नाही. "ते तुझं उचल तिथून, झाडू मारायचाय," एवढाच तिचा उल्लेख व्हायचा.

पण मला खरा राग यायचा तो खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा होते. ज्याच्यावर कुणाचं पोट चालतं किंवा ज्याच्यात कुणाचा जीव आहे, ते घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. सासरे कारखान्यात फिटर होते. ते गेले, तरी त्यांच्या कानशी आणि पाने दर वर्षी ट्रंकेतून निघतात. नवऱ्याचा लॅपटॉप असतो, विळी असते, शिवणाचं मशीन असतं. नणंदेची सतारसुद्धा असते. नणंद केव्हाच पुण्याला गेली, सतारीच्या तारा गंजून लाल झाल्या, पण तिला फूल मिळतं. माझी गिटार कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघते.

पहिल्या वर्षी मी ती पाटावर ठेवायला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "ते काहून? ते काय वाद्य आहे? करंटवर चालतं ते."

मग लॅपटॉप कशावर चालतो, तुपावर? असं मी विचारलं नाही. नवी नवरी होते. पुढे दर वर्षी विचारावंसं वाटलं आणि दर वर्षी मी दात आवळून नैवेद्याचं ताट वाढलं.

बाहेरही तीच तऱ्हा. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेला मी दर वर्षी वाजवते. वाजवते म्हणजे काय, गायिकेच्या मागे, हार्मोनियमच्याही मागे बसून हळूच तारा कुरवाळते. मंडळाचे सचिव ध्वनियंत्रणेच्या टेबलाशी बसतात आणि त्यांचं एक बोट कायम माझ्या आवाजाच्या बटणावर असतं. गाणाऱ्या बाई बेसूर झाल्या तरी ते बोट त्यांच्या बटणाकडे जात नाही. पण यंदा उन्हाळ्यातच, काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला एकटीला वाजवायला एक जागा दिली. दोन गाण्यांच्या मधे, फक्त गिटार. वर म्हणाले, "पण सॉफ्ट हं ताई, सुबह-सुबह का टाइम है."

सॉफ्ट! इतकी वर्षं मी सॉफ्टच आहे. मी तिथेच ठरवलं की ह्या वेळी माझी गिटार बोलेल ती भरल्या गळ्यानं बोलेल. त्यांनी बटण कितीही खाली ओढलं तरी तिचा आवाज बारीक व्हायचा नाही.

त्यासाठी पिकअप बदलायला हवा होता. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो काळा ठोकळा दिसतो तो पिकअप. आत लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन गुंडाळलेली असते, वरून काळी चिकटपट्टी. तार थरथरली की ती थरथर तिथे वीज होते आणि अ‍ॅम्पमधून आवाज होऊन बाहेर पडते. माझ्या स्वस्तातल्या गिटारचे पिकअप एकेरी गुंडाळीचे होते. रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवावा तसा आवाज, आणि खोलीत ट्यूबलाइट लावली की मागे सतत घूं. मला हवा होता दुहेरी गुंडाळीचा, ज्याला हंबकर म्हणतात. त्यात दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट्या. घूं दोघींत मिळून मरते आणि तारेचा आवाज दोघींचा मिळून जाड होतो. जरा जोर लावला की त्याला कडेकडेनं खरखर सुटते, गाणाऱ्याचा गळा तापल्यावर सुटते तशी. तो आवाज मी वर्षानुवर्षं कानात घेऊन हिंडत होते.

मेघालयातला एकजण हे पिकअप हातानं गुंडाळून देतो. त्याच्याकडे नंबर लावून मी उन्हाळ्यापासून वाट पाहत होते. पार्सल आलं ते नेमकं अष्टमीच्या दुपारी. मी विजेचा मीटर लावून पाहिलं. दोन्ही गुंडाळ्या ठणठणीत. नवा पिकअप रुंद, त्यामुळे गिटारवरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातलं भोक मोठं करावं लागणार होतं. घरात कानस एकच, सासऱ्यांची. पूजेसाठी ट्रंकेतून काढलेलीच होती. मी ती घेतली आणि व्हरांड्यात बसून घासायला लागले.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता जुंपणार, म्हणून मी मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली.

"ह्यांची कानस चालवून राहिली?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्या वाकून कानशीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "एकाच दिशेनं घास. ते परत ओढत नसत, धार जाते म्हणायचे." आणि आत गेल्या. मी तयार ठेवलेली उत्तरं तशीच राहिली, त्याचाही मला जरा रागच आला.

काम संपता संपता अंधार पडला. सोल्डर करायचं राहिलं, ते सकाळी करू म्हटलं. सकाळी उठते तर पक्कड, पाने, माझं सोल्डरिंग आयर्न, सगळं धुऊन पाटावर. खंडेनवमी! "आज हात नाही लावायचा," सासूबाई म्हणाल्या. पिकअप टेबलावर वर्तमानपत्रावर तसाच ठेवून, धुसफुसत मी मंडळाच्या तालमीला गेले. तिथे सचिवांनी पुन्हा दोनदा सॉफ्टची आठवण करून दिली.

दुपारी परतले आणि देवघराच्या दारात थबकले. पाटाच्या मधोमध, सतारीला बाजूला सारून, माझी गिटार होती. तिच्या अंगावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. खुंट्यांना झेंडूची माळ होती. मला खरंच भरून आलं. पहिल्या वर्षी जे मागून मिळालं नाही आणि पुढे कधी मागितलं नाही, ते मी घरात नसताना होऊन बसलं होतं. मी वाकून नमस्कार केला, आणि वाकल्यावर मला गिटारसमोरचं ताम्हन दिसलं.

ताम्हनात माझा पिकअप होता. त्याची काळी चिकटपट्टी अर्धी सोललेली होती, आणि आतली तांब्याची गुंडाळी अशी लखलखत होती की शेजारच्या पळी-पंचपात्रानं लाजावं. चिंचेचा एक तंतू अजून तिला चिकटलेला होता.

"आई, हे काय केलंत?"

"काहून? चांगलं निघालं न?" त्या लगबगीनं आल्या. "वरची पट्टी चिकट, मळकी. जराशी सोडून पाहिली, तर आत तांबं! इतकं चांगलं तांबं अन् तू काळं ठेवून राहिली. पूजेत काळं तांबं ठेवतात का कुणी? पनागर गावच्या भाजीवालीकडची चिंच होती, चिंच-मीठ लावलं. एक धागा सारखा निघून राहिला होता, तो कात्रीनं कापून टाकला."

धागा! तो धागा म्हणजेच पिकअप. एका गुंडाळीत तो एकच धागा असतो, पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत, आणि तो एका जागी तुटला की ती सगळी गुंडाळी मुकी.

मी ओरडले. मांडवाच्या भोंग्याच्या वर माझा आवाज गेला. म्हणाले, "झालं ना समाधान? आता कमी कर म्हणायची गरजच नाही! गळाच कापलात तुम्ही तिचा!" आणखीही पुष्कळ बोलले. लॅपटॉप आणि तुपाचं ते वाक्यसुद्धा इतक्या वर्षांनी बाहेर पडलं. नवरा धावत आला आणि म्हणाला, "अगं जाऊ दे ना यार, दुसरा मागव." मग मी त्याच्याकडे वळले. तुझा लॅपटॉप चिंचेनं घासते, मग दुसरा मागव म्हणाले. सासूबाई उभ्याच होत्या. हळदीनं पिवळी झालेली बोटं पदराला पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"मी तर तुझ्यासाठीच मांडलं," त्या म्हणाल्या.

हे ऐकून माझा राग शांत व्हायला हवा होता. उलट दुप्पट झाला. दुष्टपणानं केलं असतं तर मी सुखानं भांडले असते. ह्या बाईनं इतकी वर्षं माझ्या गिटारला पाटावर येऊ दिलं नाही, आणि ज्या दिवशी येऊ दिलं त्याच दिवशी तिला प्रेमानं घासून मारलं. ह्यावर रागवायचं तरी कसं? आणि नाही रागवायचं म्हणजे पुन्हा मीच दात आवळायचे. मला दोन्ही नको होतं. मी खोलीत जाऊन दार आपटलं.

दसऱ्यानंतर मीटर लावला. एक गुंडाळी गेली होती. दुसरीपर्यंत चिंच पोचली नव्हती, ती जिवंत होती. बाजारात तयार हंबकर मिळाला असता, निदान जुना पिकअप तरी परत बसवता आला असता. मी हट्टानं तो अर्धा मेलेलाच, जिवंत गुंडाळीच्या तेवढ्या तारा जोडून, बसवला. लखलखीत बाजूसकट बसवला, वरून चिकटपट्टीही लावली नाही. येताजाता घरात सगळ्यांना दिसू दे म्हटलं. आवाज यायचा, पण एकाच गुंडाळीचा, उघडा पडलेला, आणि मागे पुन्हा तीच घूं. मी रोज वाजवत होते. सासूबाईंची हाक यायची बंद झाली होती. ती शांतताही मला सहन होत नव्हती. आम्ही दोघी भाजी आणि दूध एवढ्यापुरतंच बोलत होतो.

दिवाळी पहाटेला मंडळाचं सभागृह अत्तरानं आणि नव्या कपड्यांच्या वासानं भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. माझी जागा आली. मी उभी राहिले. इतक्या वर्षांत प्रथमच उभी राहून, सगळ्यांच्या पुढे. पहिली तार छेडायच्या आधीच स्पीकरमधून घूं निघाली आणि सचिवांना निमित्तच मिळालं. मी वाजवायला लागले आणि त्यांचं बोट खाली सरकताना मला स्पष्ट दिसलं. आवाज विरत विरत कोपऱ्यात जाऊन बसला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींशी फराळाचं बोलायला लागल्या.

मी वाजवत होते आणि रागानं माझे कान तापले होते.

माझ्या आवाजावर जितका पहारा सासूबाईंनी दिलाय तितका कुणीच दिला नाही. तो कधी चढला, कधी उतरला, हे त्यांना भिंतीपलीकडून कळतं. त्यांनी मान वळवली, टेबलाकडे पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"भैया, काहून कमी केला?" सगळं सभागृह वळलं. "सून वाजवून राहिली न माझी! वाढवा. वाढवा म्हणते न!"

सचिवांनी घाबरून बटण पार वर लोटलं. बायकांच्या गप्पा थांबल्या. सासूबाई बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी तळहात वर केला, अजून, अजून. ज्या हाताची मला फक्त खालीच करायची खूण माहीत होती, तोच हात.

मी गिटारवरचं माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. सहाही तारांवर जीव खाऊन हात मारला. आवाज वाढला, पण तो तोच होता, उघडा, पत्र्याचा, आणि त्याच्याबरोबर घूं वाढली आणि छतापर्यंत गेली. माझ्या कानातला तो भरलेला आवाज आलाच नाही. तो ताम्हनात राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मोठ्यानं वाजव म्हणत होतं, आणि माझ्याकडे वाजवायला अर्धंच उरलं होतं. सासूबाईंचा हात अजून वरच होता.