माणशी तीन बट्ट्या

माझी सासू बट्ट्या चांगल्या करते. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढं तिच्याबद्दल दुसरं काही चांगलं लिहिणं माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात ओवा, हळद, तेलाचं मोहन. घट्ट भिजवायचं, लांब उंडे वळायचे, चाळणीत ठेवून वाफवायचे, गार झाले की कापायचे आणि मग कढईत सोडायचे. वरून लाल, कुरकुरीत, आतून मऊ. ताटात चुरायच्या, वर तुरीचं घट्ट वरण, तुपाची धार, बाजूले वांग्याची भाजी. यवतमाळात पाहुणा आला की हाच बेत. मी त्या घरी पहिल्यांदा जेवली तेव्हा सहा खाल्ल्या, आणि सासू म्हणाली, भूक चांगली आहे हो. त्या 'हो'चा अर्थ मले लग्नानंतर कळला.

मी आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरची. घरात आमची गोर बोली, रस्त्यावर वऱ्हाडी, आणि शाळेच्या पुस्तकात तिसरीच मराठी. सासरचे लोक तीन पिढ्यांचे ऑफिसवाले. त्यांच्या घरात मी 'मले' म्हणलं की सासू जागच्या जागी दुरुस्त करते. मला म्हण गं, मला. पाहुण्यांसमोर दुरुस्त करते, भाजी वाढता वाढता करते. एकदा मी तापानं फणफणत होती, मले पाणी द्या म्हणलं, तर तिनं आधी शब्द दुरुस्त केला न मग पाणी दिलं. म्हणून हे सगळं मी ठरवून 'मले'मधेच लिहून राह्यली. वाचलंच तिनं तर वाचू दे.

लग्नाले तीन वर्षं झाली तरी त्या घरातली कढई माझ्या हाती आली नव्हती. कणीक मी मळायची, कांदे मी चिरायचे, उंडे मी वळायचे, आणि गॅसवर तेल चढलं की सासू मले कोपरानं बाजूले सारायची. तेलाचा अंदाज नसतो तुमच्यात, म्हणायची. तुझ्यात नाही, तुमच्यात. मी नवऱ्याले सांगितलं तर तो म्हणाला, तिची सवय आहे, मनावर घेऊ नको. माझा नवरा भला माणूस आहे, म्हणजे तो काही बोलत नाही. आमच्या घरात भलेपणाचा तेवढाच अर्थ आहे.

माझ्या आईले आम्ही याडी म्हणतो. तीन वर्षांत याडी माझ्या घरी दोनदा आली. दोन्ही वेळा समोरच्या खोलीतल्या खुर्चीच्या काठावर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, मी जेवून आली. सासू म्हणाली, असं का, बरं. आमच्या तांड्यावर कोणी जेवून आलो म्हणलं तर त्याचं कोणी ऐकत नाही, हाताले धरून ताटावर बसवतात. जेवून आली हे वाक्य दुसऱ्यानं खोडून काढायसाठीच असते. इथं कोणी खोडलं नाही. याडी एस.टी.नं परत जायची, आणि मी फाटकापाशी उभी राहून मनातल्या मनात सासूचा उद्धार करायची. मले एकच गोष्ट पाह्यजे होती. याडीनं त्या घरात मांडी घालून बसावं, तिच्यासमोर ताट यावं, आणि तिनं पोटभर जेवावं. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

पोरगी वर्षाची झाली तेव्हा सासूनं वाढदिवस काढला. पंचवीस माणसं, वरण-बट्टीचा बेत. पण नेमकी तिची कंबर धरली. पंचवीस माणसांचे उंडे वळून वाफवायचे म्हणजे सकाळपासून ओट्यापाशी उभं राहणं आलं, आणि ते मी एकटीनं केलेलं तिले चालणार नव्हतं. दोन दिवस तिनं विचार केला. मग म्हणाली, तुझ्या आईला सांग, बट्ट्या वाफवून घेऊन या. तळायचं मी बघते.

मले खरं वाटलं नाही. जी बाई माझ्या हातची पुरी खात नाही, ती तांड्यावरून आलेल्या बट्ट्या पंचवीस माणसांच्या ताटात वाढणार? माझा चेहरा तिनं वाचला असंल. म्हणाली, "एकदा आपल्या तेलातून निघालं की चालतं."

घ्या बाप्पा. म्हणजे माझ्या आईच्या हाताचं जे काय लागलं असंल ते हिच्या तेलात जळून जाणार. मले असा राग आला की कढई उचलून अंगणात फेकावी. पण रागाच्या मागून लगेच दुसरा हिशेब आला. याडी पंचवीस माणसांचं करून आणंल तर तिले जेवल्याशिवाय जाऊ द्यायची यांची हिंमत होणार नाही. जेवणाचा अर्धा बेत जिच्या हातचा, तिले खुर्चीच्या काठावर कसं बसवतील? तेवढ्यासाठी मी ते वाक्य गिळलं. तिथंच फोन लावला.

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या गोर बोलीत बाटी म्हणजे भाकर. ज्वारीची साधी भाकर. जेवलीस का असं आम्ही विचारतच नाही, "बाटी खादी?" असंच विचारतो. याडीचा फोन आला की हॅलोच्या जागी हेच यायचं. तेलात तळायची बट्टी आमच्या तांड्यावर कोणाच्या घरी होत नाही, आणि याडीनं ती कधी खाल्ली नव्हती. खाणार कुठं? माझ्याच घरी खाल्ली असती.

हे सगळं मले माहीत होतं, आणि बट्टी कशी वळायची, वाफवायची ते तिले गोर बोलीत सांगायले पाह्यजे होतं. पण सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती उभी असली की मी याडीशी गोर बोलीत बोलत नसे. सुरुवातीले एकदा बोलली होती, तर सासू नणंदेले म्हणाली, काही कळत नाही बाई, आपल्यालाच शिव्या देतात की काय. तेव्हापासून मी याडीशी सासूसमोर मराठीत बोलायले लागली, तेही पुस्तकातल्या. याडी तिकडून गोर बोलीत बोलायची, मी इकडून मराठीत. त्या दिवशीही मी म्हणलं, आई, येताना बट्ट्या घेऊन ये, पंचवीस माणसांच्या.

याडीनं विचारलं, बाटी? मी म्हणलं, हो, बट्टी. माणशी किती, तिनं विचारलं. मी म्हणलं, माणशी तीन तरी. ती म्हणाली, शहरातले लोक लय खातात गं. मी हसली. मले वाटलं ती गंमत करून राह्यली.

वाढदिवसाच्या दिवशी याडी आली ती ऑटोतून. अंगावर ठेवणीतली साडी, आणि दोन मोठी गाठोडी. तिनं पहाटेपासून शेजारच्या दोन बाया बोलावून तीन चुली पेटवल्या होत्या. एक गाठोडं मांडीवर आणि एक पायाशी ठेवून आर्णीहून एस.टी.त बसून आली होती. घाम पुसत पुसत तिनं पोरीचा मुका घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात आली. त्या घरातलं स्वयंपाकघर तिनं पहिल्यांदा पाह्यलं. मी तिच्या मागं मागं होती, आणि मले इतका आनंद झाला होता की सासूशीही मी हसून बोलली.

गॅसवर तेल तापत होतं. सासूच्या हातात झारा होता, बाजूले चुलतसासू आणि नणंद. पाहुणे हॉलमध्ये बसले होते आणि वांग्याच्या भाजीचा वास फाटकापर्यंत गेला होता. याडीनं पहिलं गाठोडं ओट्यावर ठेवलं, गाठ सोडली, आणि फडकं बाजूले केलं. पांढऱ्या, गोल, एकावर एक रचलेल्या ज्वारीच्या भाकरी. एकही कुठं करपली नव्हती, एकही फाटली नव्हती.

सासूनं भाकरींकडं पाह्यलं, मग झाऱ्याकडं. मग म्हणाली, "अहो, पण ह्या तळू कशा मी?"

चुलतसासू आधी हसली. मग नणंद. मग हॉलमधून काय झालं, काय झालं करत बाया आल्या, आणि जी येईल तिले चुलतसासू पहिल्यापासून सांगायची. पंच्याहत्तर भाकरी हो, वाढदिवसाला. नवरा आला, त्यानं पाह्यलं, आणि मोटरसायकलची चावी घेऊन हॉटेलातून बट्ट्या आणायले निघून गेला. भला माणूस.

याडीले त्यांचं बोलणं अर्धं समजलं, पण हसणं पूर्ण समजलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं. गोर बोलीत, हळूच, मले म्हणाली की तूच तर बाटी म्हणली होतीस.

सगळ्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. मी एवढंच म्हणायचं होतं की हो, चूक माझी आहे, आमच्याकडं बाटी म्हणजे भाकर. एक वाक्य. ते मी म्हणलं नाही. मले भीती वाटली की आता हसणं माझ्यावर येईल. आणि माझ्या तोंडून सासूच्या मराठीत निघालं, "मी बट्टी म्हटलं होतं, आई. तुम्हाला नीट ऐकू नाही आलं."

तुम्हाला. आमच्या बोलीत आईले कोणी तुम्ही म्हणत नाही. जन्मात मी तिले कधी तुम्ही म्हणलं नव्हतं. सासूसमोर मराठीत बोलतानाही मी तिले तूच म्हणायची. त्या दिवशी ते कुठून आलं मले माहीत नाही, पण आलं, आणि नुसतं आलं नाही, मी वरून जराशी हसलीही.

याडीनं फडक्याची टोकं जुळवली आणि गाठ परत बांधली. दुसरं गाठोडं तिनं सोडलंच नाही. सासूले बहुतेक थोडी लाज वाटली असंल, कारण या खेपेले ती म्हणाली, जेवून जा हो. म्हणाली, खरंच म्हणाली. तीन वर्षं ज्या शब्दांची मी वाट पाह्यली ते माझ्यासमोर उच्चारले गेले. याडी म्हणाली, "मी जेवून आली." पहाटेपासून चुलीपुढं बसलेली बाई, जेवली कुठून असंल? ते वाक्य खोडायचं काम माझं होतं. मी उभीच राह्यली. दोन्ही गाठोडी ओट्यावरच ठेवून ती पायात चप्पल घालून फाटकाबाहेर गेली तेव्हा आतमध्ये हॉटेलच्या बट्ट्यांची पार्सलं सुटत होती.

दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, एवढ्या भाकरींचं करायचं काय, गाईला घाला. तिथं माझा बांध फुटला. तीन वर्षांचं सगळं मी एका दमात बोलली, तेही वऱ्हाडीत. तेलाचा अंदाज, 'हो', ताप, खुर्चीचा काठ, काही सोडलं नाही. मी म्हणलं, या भाकरीले हात लावला तर याद राखा. मग तिची कढई खाली घेतली, तिच्याच डब्यातलं तेल ओतलं, आणि भाकरीचे तुकडे त्यात सोडले. काही कुरकुरीत तळले, काही कुस्करून कांदा-मिरचीवर परतले, आम्ही त्याले कुटके म्हणतो. पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ तेच खाल्लं, तिच्यासमोर बसून. नवऱ्यानंही खाल्लं, न बोलता. पंच्याहत्तर काही संपत नव्हत्या. उरलेल्या वाळवून डब्यात भरल्या. चौथ्या दिवशी सासू आली, ताटातला एक तळलेला तुकडा उचलून तिनं तोंडात टाकला आणि म्हणाली, मीठ कमी आहे. मी म्हणलं, राहू द्या. तेव्हापासून कढई माझ्या हाती आहे. लोकांले वाटते मी जिंकली.

याडीचा फोन त्या आठवड्यात आला नाही. मीच लावला. सासू शेजारी होती, तिच्यासमोर मुद्दाम मोठ्यानं गोर बोलीत बोलली. चूक माझी होती म्हणून सांगितलं, माफी मागितली, रडली. याडीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. नातीच्या खोकल्याची चौकशी केली, कापसाचं सांगितलं, सगळं नेहमीसारखं. फक्त मराठीत. आर्णीच्या बाजारात व्यापाऱ्याशी बोलते त्या मराठीत, एकेक शब्द जपून.

त्याले आता दोन वर्षं झाली. माझी पोरगी तीन वर्षांची झाली, तिच्याशी याडी गोर बोलीतच बोलते, खदाखदा हसते. मग पोरगी फोन माझ्याकडं देते. मी विचारते, "याडी, बाटी खादी?"

"हो," याडी म्हणते. "जेवण झालं माझं. तुमचं?"