कागदी सरांची ताडपत्री

कागदी सर चित्र काढण्याआधी हात नाही, पाय धुवायचे. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. माझ्या सासूबाईंना वाटायचं, नमाजाची तयारी चालली आहे. "नमाज घरी झाली, आक्का," सर म्हणायचे. "आता रंगात जायचंय. तिथं मळके पाय चालत न्हाईत."

मंचरच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. जुन्नरच्या कागद बनवणाऱ्या घराण्यातले; आजोबांनंतर धंदा बंद पडला, आडनाव राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पिंपळवंडीतली आमची रिकामी शेड मागितली. "मोठं चित्र काढायचंय, बाई. घरात मावत न्हाई." मी किल्ली दिली.

सरांना वेड होतं ते महायुद्धानंतरच्या जपानी चित्रकारांचं. "शहरं जळून गेली व्हती. मग या पोरांनी ठरवलं, कुणाची नक्कल करायची न्हाई," ते सांगायचे. "एकानं रंगाच्या बाटल्या फोडल्या. एक कागदाच्या पडद्यांतून आरपार पळत गेला. एक दोराला लोंबकळून पायानं रंगवायचा. आन् प्रदर्शन कुठं? झाडांखाली, उघड्यावर. ऊन लागू दे, पाऊस लागू दे."

"आणि हात काय करत होते?" मी विचारलं.

"हाताला लई शानपन आलंय, बाई. पायाला अजून न्हाई."

हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून त्यांनी जाड कापडाची मोठी ताडपत्री शिवून आणली. ती शेडमध्ये जमिनीवर अंथरली आणि वर आढ्याला दोर बांधला. सासूबाई एकदा डोकावून म्हणाल्या, "मास्तर, भिंतीची माती तुडवताय का?" सर म्हणाले, "तसंच समजा. घर व्हतंय का बघू."

दुपारी पत्र्याच्या भोकांतून कवडसे खाली यायचे. त्यांत सर दोर धरून हळूहळू झुलायचे, डोळे मिटलेले, पाय लाल रंगात पोहत असल्यासारखे. पाय गेला तिथे काळ्यातून लाल वर यायचा, पुन्हा बुडायचा. मी ताक घेऊन दारात उभी राहायचे आणि द्यायचं विसरायचे. मला विसरायची सवय नाही.

आयुष्यात सरांचं एकही चित्र कुठे लागलं नव्हतं. या चित्राचे फोटो पाहून मात्र मुंबईच्या गॅलरीतल्या एक बाई यायच्या होत्या. त्या येणार त्याच्या दोन दिवस आधी दुपारी आभाळ भरून आलं. आमचा कांदा काढून शेतात ढीग लावलेला. होत्या तेवढ्या ताडपत्र्या टाकल्या, तरी एक ढीग उघडा राहिला. मी खताच्या गोण्या अंथरत होते. सर शेडच्या दारात आले.

"बाई, ही माझी ताडपत्री उचला."

"सर, परवा त्या येणार आहेत. रंग अजून ओला आहे."

"रंग वर ठेवू. कांदा खाली ऱ्हाईल. धरा ते टोक."

मी धरलं. वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही ती ढिगावर टाकली, कडेला दगड ठेवले आणि गारा सुरू झाल्या. शेडमधून आम्ही बघत होतो. पांढऱ्या गारा लाल रंगात रुतत होत्या, थोडा वेळ चमकत होत्या आणि विरघळत होत्या. सर दोर हातात धरून उभे होते, झुलत नव्हते.

कांदा वाचला. चित्रावर खड्डेच खड्डे पडले होते, कांद्याची पात चिकटली होती. मुंबईच्या बाईंनी ते खूप वेळ पाहिलं. म्हणाल्या, घेऊन जाते, पण आधी खड्डे भरून, पात काढून द्या.

"भरलं तर ते माझ्या एकट्याचं व्हईल," सर म्हणाले. "ते आता न्हाई तसं."

मुंबईच्या बाई चहा पिऊन, चित्र न घेताच गेल्या. सर संध्याकाळपर्यंत एकेका खड्ड्यावरून बोट फिरवत बसले. पाय नाही, बोट.

पुढच्या थंडीत ते गेले. त्याआधी ताडपत्री मला देऊन म्हणाले होते, "गुंडाळून ठेवू नका. कामाला लावा."

तशी ती लावली आहे. दर उन्हाळ्यात कांद्यावर असते. थोडा रंग उडतो, थोडी धूळ बसते. दरवर्षी निराळी दिसते. वाटेने जाणारे गाडी थांबवून विचारतात, "ताई, कुठल्या पक्षाचा बॅनर हाय?"

"आमच्या सरांचं प्रदर्शन आहे," मी सांगते.

ते बघतात, डोकं खाजवतात, पुन्हा बघतात. मग कांद्याचा भाव विचारतात.