काजळीच्या काचा

आमची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा मी रांगत होतो. आम्ही भाजे गावाला आजोळी येऊन राहिलो आणि वडील कामशेतच्या भाताच्या गिरणीत हमालीला लागले. गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले. इंजिन बिघडलं की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की वडिलांना मजुरी नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे नाचणीची आंबील, तीही पातळ. इंजिन काळा धूर ओकायला लागलं की घरात काय होतं, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं.

शिष्यवृत्त्या मिळवत मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलो. कुणाच्या मेहेरबानीनं नाही, हे सांगायला मला संकोच नाही. प्रबंधाला विषय घेतला डिझेल इंजिनातल्या तेलाच्या फवाऱ्याचा. नोझलच्या भोकातून तेल जोरानं सिलिंडरमध्ये उडतं, त्याचे थेंब होतात आणि दाबून तापलेल्या हवेत ते पेटतात. पुस्तक म्हणत होतं, थेंब बारीक तितकं तेल चांगलं जळणार. थेंब मोजायची रीत अशी, की काचेच्या पट्टीवर दिव्याची काजळी धरायची आणि ती फवाऱ्यातून झर्रकन फिरवायची. थेंब पडेल तिथली काजळी जाऊन ठिपका उमटतो. मग भिंग घेऊन ठिपके मापत बसायचं.

मापले, आणि डोकं चक्रावलं. कॉलेजच्या इंजिनाला मोठ्या भोकाचं नोझल लावलं तर ते बरं चाले. लहान भोकाचं लावलं तर थेंब बारीक पडत आणि धूर उलट वाढे. पुस्तक चुकलं म्हणायची माझी छाती नव्हती. मोजण्यात माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून सुट्टीत पुन्हा मापायला काचा पत्र्याच्या डब्यात घालून घरी आणल्या.

दुसऱ्या सकाळी नदीवरून अंघोळ करून आलो, तर काचा अंगणात उन्हाला मांडलेल्या. लख्ख. कंदिलाची काच घासावी तशा आईनं त्या राखेनं घासल्या होत्या.

"लय काळ्या झालत्या," ती म्हणाली. "तुमच्या कालिजात काचा कुनी धूत न्हाई व्हय?"

पहिल्या मापांवर माझाच विश्वास नव्हता, आणि पुन्हा मापायचे ठिपके काजळीबरोबर गेले होते. सुट्टी संपताच प्रबंध द्यायचा होता, तोवर प्रयोगशाळेला कुलूप. प्रबंध नाही तर पदवी नाही, आणि वर्ष पुन्हा करायचं तर शिष्यवृत्तीही नाही. तरी खरं सांगायचं तर त्याहून एकच गोष्ट जास्त डोकं खात होती. चुकलं कोण, मी की पुस्तक?

गिरणीच्या इंजिनावर पुन्हा मापू द्याल का, असं वडिलांनी शेठना विचारलं. गिरणीत एक नवं, लहान भोकाचं नोझल पडून होतं. लावलं की इंजिन धूर टाकतं म्हणून शेठनी ते काढून ठेवलं होतं. हे ऐकून माझे कान टवकारले. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही इंजिनातलं मोठ्या भोकाचं जुनं आणि हे नवं, अशी दोन्ही नोझलं आळीपाळीनं तेलाच्या नळीला जोडून तोंड सिलिंडरच्या बाहेर वळवलं. वडील पंपाचा दांडा मारत, मी काच फिरवत होतो. काजळी आईनं धरून दिली होती. घासलेल्या काचा पुन्हा काळ्या करायच्या, हे काही तिला पटलं नव्हतं.

ठिपके पाहिले. धूर टाकणाऱ्या नव्या नोझलचेच बारीक. म्हणजे माझं माप बरोबर होतं, आणि डोक्यातला गोंधळ मात्र दुप्पट झाला.

वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "थेंब बारीक बरा का मोठा, येवढं तरी ठरलंय का तुमच्या कालिजात?"

"पुस्तक म्हनतं ठरलंय. पन न्हाई, बा."

"मंग ठीक हाय. मला वाटलं तुला एकट्यालाच कळंना."

प्रबंधात मी जे दिसलं ते लिहिलं, पुस्तकाशी जुळत नाही हेही लिहिलं. खाली एक अंदाज जोडला. दाबलेल्या हवेत फार बारीक थेंबाला पुढं जायला जोर उरत नसावा. तो नोझलच्या तोंडाशीच गर्दी करतो, तिथं हवा पुरत नाही, आणि लांबची हवा वापरलीच जात नाही. 'खात्री नाही' असंही स्पष्ट लिहिलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्या एका पानावरून मला इतका वेळ प्रश्न विचारले, की बाहेर आलो तेव्हा त्यांना ते पटलं की नाही हेच मला सांगता येईना.

निकालात माझं नाव होतं. मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला माणूस मी.