डाव्या अंगाला

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी मुरबाड-शहापूरच्या गाड्यांवर गेली. माळशेज घाट तर त्यांनी इतक्या वेळा उतरला होता की धुक्यातही वळण कुठे येणार ते आधीच सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि जेवताना जाहीर केलं, "सगळी राज्यं गाडीनं बघायची. एकबी सोडायचं नाय."

मी शहापूरच्या एका शाळेत शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागली की लेकीला घेऊन धसईजवळच्या माहेरी जायचे आणि तिथून आम्ही चौघं निघायचो. बाबा, आई, मी आणि लेक. नवऱ्याला रजा मिळत नसे. भातपेरणीच्या आत परतायचं, हा बाबांचा नियम. एका उन्हाळ्यात दक्षिण झाली, पुढच्यात राजस्थान, पंजाब, पार काश्मीरपर्यंत. असं दरवर्षी चालू होतं. आई मागे खिडकीला डोकं टेकून निम्मा देश झोपेतच बघायची. पुढे बाबांशेजारी लेक बसायची.

ईशान्येकडे निघालो त्या वर्षी मात्र आईनं हट्टानं पुढची जागा घेतली. लेक रुसली, तरी आई हलली नाही. आणि कसारा घाट चढायच्या आतच तिची बडबड सुरू झाली.

"अवो, डाव्या अंगाला शेरडं हायेत. तो सायकलवाला बघा कसा चाललाय. पूल आला वाटतं. कठडा किती जवळ हाय!"

बाबा नुसतं "हं" म्हणायचे. छत्तीसगड, झारखंड, बंगाल, सगळीकडे तेच. म्हशी, हातगाड्या, दुधाचे कॅन, रस्त्याच्या कडेला बसलेला म्हातारा. मला कंटाळा आला. वयानं बोलकी झाली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि कानात हेडफोन घातले.

आसामात एका चहाच्या मळ्याजवळ आई पाण्याची बाटली उघडत होती, तेवढ्यात डावा आरसा विजेच्या खांबाला लागून फुटला. बाबा हसले. "रस्ताच अरुंद हाय," म्हणाले. आई हसली नाही. दाराच्या वरची मूठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला जरा कसंतरी वाटलं. पण बाबांच्या हातात स्टिअरिंग असताना घाबरायचं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

नागालँड, मणिपूर, मेघालय आधीच झालं होतं. मग अरुणाचल. बोमडिलाहून सकाळी निघालो. रस्ता ओला होता आणि ढग खाली उतरले होते. उंची वाढू लागली तशी आईचं डोकं ठणकायला लागलं. एकदा उतरून तिनं उलटी केली. परत बसल्यावर काही वेळ तरी बोलत राहिली, "डाव्या अंगाला दरड... नाय, दरी हाय...", मग तिचं डोकं दाराकडे कललं आणि तिला ग्लानी आली.

"आजी गप्प झाली," लेक म्हणाली.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हेडफोन काढले. मी डाव्या खिडकीशी होते. खाली बघितलं तर रस्ता दिसेना, नुसतं पांढरं. घाटात असंच दिसत असेल, असं मनाची समजूत घालत होते तोच जीपच्या अंगाला काहीतरी टक् करून लागलं. कडेचा रंगवलेला दगड होता. थोड्या अंतरावर आणखी एक लागला. बाबा सरळ समोर बघत होते, जसं काही झालंच नाही.

मग ती बाई दिसली. रस्त्याच्या कामावरची मजूर, पाठीवर खडीची टोपली. डाव्या कडेला उभी होती. कोंबडी आडवी आली तरी हॉर्न देणारे बाबा. त्यांनी तिला हॉर्न दिला नाही. ती दगडाला बिलगली आणि तिचं भीतीनं वासलेलं तोंड माझ्या काचेला लागूनच मागे गेलं.

"बाबा, थांबा!" मी किंचाळले.

जीप थांबली. मी दार उघडलं आणि तसंच ओढून घेतलं. पाय ठेवायला जागाच नव्हती. पुढचं डावं चाक कडेवर होतं आणि त्याखालची खडी हळूहळू सरकत होती.

बाबा उतरले. लेकीला मी उजव्या दारातून बाहेर काढलं आणि डोंगराच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. आई आतच होती, दरीच्या बाजूला, दाराला टेकून. तिला जागं करायचं होतं, पण दचकू द्यायचं नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटवर गुडघा टेकून मी तिचा हात धरला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "आई, चहा प्यायला उतरायचंय. माझ्याकडे सरक. दाराला हात लावू नकोस." तिनं डोळे उघडले, बाहेर बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती गिअरवरून पाय उचलून माझ्याकडे आली. तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मजूर धावत आले. ती बाईही आली. शिव्या देईल असं वाटलं, पण तिनं टोपलीतली खडी चाकाखाली ओतली. बाकीच्यांनी मागे दोर बांधला. आता कुणीतरी जीप मागे घ्यायला हवी होती. मी बाबांकडे बघितलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"मला नाय दिसत गो," ते म्हणाले.

"काय नाही दिसत?"

उत्तर आईनं दिलं. "डाव्या अंगाचं नाय दिसत त्यांना. दिवाळीपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस. हे एकटे निघाले असते. मंग डावीकडं काय हाय ते यांना कोण सांगणार होतं?"

मी गाडी चालवायचे ती आटगाव स्टेशनपर्यंत, फार तर तानसाच्या जंगलातून फिरून यायचे. घाटात बाबांनी कधी हात लावू दिला नव्हता. मी सीटवर बसले आणि क्लच दाबला. मजुरांनी दोर ताणला. मी रिव्हर्स टाकला. चाक जागच्या जागी फिरलं, जीप एका बाजूला कलली, लेकीची हाक ऐकू आली, आणि मग टायरनं खडी धरली.

तिथून परत फिरलो. पूर्ण उतार मीच चालवला. बाबा आईच्या जागेवर बसले होते. "दुसऱ्या गिअरवर ठेव. ब्रेकवर पाय दाबून ठेवू नको," एवढंच अधूनमधून म्हणायचे. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. पुढचा बेत सोडला आणि सावकाश चालवत मीच सगळ्यांना घरी आणलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांना, डावा जास्त. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. बाबांनी त्या दिवशी घरी आल्यावर जीपची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि गोठ्याकडे निघून गेले. पुढे कित्येक रविवार त्यांनी मला माळशेजात नेलं, धसईच्या बाजाराच्या गर्दीत गाडी घालायला लावली. मी शिकले. भीती मात्र गेली नाही. अजूनही किन्हवलीच्या रस्त्यावर डाव्या कडेनं कुणी ओझं घेऊन चाललेलं दिसलं की तळहाताला घाम फुटतो.

मिझोराम आणि त्रिपुरा राहिले होते. दोन वर्षांनी बाबांनीच विषय काढला. मी नाही म्हणू शकले नाही. मिझोरामच्या डोंगरांत मी आईसारखंच डावीकडचं एकेक पुटपुटत चालवत होते. त्रिपुरात शिरल्यावर एका टपरीशी थांबलो. लेकीनं टाळ्या वाजवल्या. "झाली सगळी राज्यं!"

बाबा चहा फुंकत म्हणाले, "आता घरी जायाचं तेवढं ऱ्हायलं."

आम्ही आलो होतो त्या रस्त्याकडे मी बघितलं. तेच सगळे डोंगर परत उतरायचे होते. मी कप खाली ठेवला आणि पर्समधून किल्ली काढली.